घरी रंगकाम चालू आहे

मनकर्णाबाईंनी टोपलीतली भाकरी उचलली, उलटीपालटी करून बघितली आणि परत ठेवली. तळहातात मावेल एवढी भाकरी. कडा अशा सारख्या, की वाटी दाबून कापल्या असाव्यात. आणि वर कसलीशी हिरवी काडी खोचलेली.

"ही काडी खायाची का काडायची गं?" त्यांनी शेजारी बसलेल्या सुनेला हळू आवाजात विचारलं.

"काढायची, आई. शोभेची आहे," राजश्री म्हणाली.

"अगं बया! भाकरीला आन कसली शोभा?"

हळू बोलणं मनकर्णाबाईंना जन्मात जमलं नव्हतं. टेबलाच्या पलीकडं वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही दबलं नाही. ठसकाच लागला त्यांना. वेटरला वाटलं, जेवणात काही कमी-जास्त झालं. तो धावत आला.

"ज्वारी मंगळवेढ्याची आहे मॅडम. हंड्रेड पर्सेंट ऑरगॅनिक. युरियाचा कणसुद्धा नाही."

"व्हय का? आमी गावाकडं केमला न्हानपणी आसलीच खायाचो की. युरिया कुणी बघितला हुता?"

यावर मोडनिंबचे मानसिंगराव खदखदून हसले आणि टेबलावरचा ताण जरा सैल झाला. पहिला अर्धा तास कुणी धड बोललंच नव्हतं. दोन्ही घरं आज पहिल्यांदा एकमेकांसमोर बसत होती. अलीकडं मनकर्णाबाई, त्यांचा थोरला रत्नदीप, सून राजश्री आणि धाकटी बुद्धप्रिया. पलीकडं मानसिंगराव, वच्छलाबाई आणि त्यांचा एकुलता एक इंद्रजीत. पोरापोरीनं एकमेकांना पसंत करून दोन वर्षं होऊन गेली होती. बुद्धप्रिया माती तपासणीच्या लॅबमध्ये; हा द्राक्षबागेतली माती पिशवीत घालून तिच्याकडं घेऊन यायचा. पुढं पुढं माती नसतानाही यायला लागला. आज फक्त थोरांनी मान डोलवायची आणि साखरपुड्याची तारीख धरायची, एवढंच काम. एवढंच! लेकीचं लग्न जुळतंय का मोडतंय, याचा निकाल या टेबलावर लागणार होता आणि सगळे बसले होते काड्या काढत.

विजापूर रस्त्यावर 'मृदा' नावाचं हे हॉटेल नवंच निघालं होतं. वरचा मजला नुसता जेवणाचा. आत गार हवा, बांबूचे दिवे, आणि भिंतींना असा रंग दिलेला की शेणामातीनं सारवल्यासारख्या दिसाव्यात. मनकर्णाबाईंनी आल्या आल्या त्या भिंतीवरून बोट फिरवून बघितलं होतं. मातीच्या भिंतीतून बाहेर पडायला त्यांच्या घरानं दोन पिढ्या घातल्या. आणि हे हौसेनं तसला रंग देतात! काय बोलायचं?

पण त्यांचं खरं दुःख भिंतीचं नव्हतं. सोयरीक बोलायची तर पाहुण्यांनी मुलीच्या घरी यायचं, मुलीच्या आईनं जेवू घालायचं. त्यांनी मनातल्या मनात ताटं मांडून ठेवली होती. येसूर आमटी, भरलं वांगं, आणि शेंगापोळी तर हवीच. सोलापुरात पाहुण्याला शेंगापोळी नाही वाढायची तर वाढायचं काय? शेंगदाणे भाजून डब्यात भरून झाले होते. आणि रत्नदीपनं येऊन सांगितलं, "आई, त्यांचा आग्रह आहे हॉटेलचा. मुलाकडचेच म्हणतायत, तर मोडता कशाला घालायचा?"

मुलाकडच्यांना हॉटेलच का हवं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डब्याचं झाकण लावून त्यांनी तो वरच्या फळीवर ठेवून दिला. लेकीसाठी गिळायचं, असं ठरवून त्या नवी पेठेतून आणलेली मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या. पण समोरची ती वच्छला! चांगली हसरी, साधी बाई निघाली. रागवायचं ठरवून आलेल्या माणसाची ही मोठी पंचाईत होते.

*

रत्नदीपनं वाईन मागवली, ती दुसरी चूक. पहिली चूक अजून टेबलावर यायची होती.

खरं तर त्याला स्वतःला वाईन फारशी आवडत नसे. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, मीटिंगांमध्ये ग्लास हातात धरायची सवय झालेली. समोर द्राक्ष बागायतदार बसलाय, मेनूकार्डावर ऑरगॅनिक वाईनचं अख्खं पान आहे, तर मागवावी, एवढाच त्याचा विचार. आपणही काही कमी नाही, हेही त्यात थोडं होतंच. थोडं कशाला, बऱ्यापैकी होतं.

वेटरनं बाटली कापडात धरून आणली. तिचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तिला लाकडाचा आणि जांभळाचा वास कसा येतो तेही सांगितलं. मनकर्णाबाई ऐकत होत्या. ग्लास त्यांच्यापुढं आला तेव्हा त्यांनी त्यावर पालथा हात ठेवला.

"मी शील घेतल्यालं हाय."

दर पौर्णिमेला विहारात जाऊन पंचशील घेणारी बाई. पाचवं शील दारूचं. रत्नदीपच्या कानशिलाशी घाम आला. "तुला नाही गं आई, पाहुण्यांसाठी आहे."

"मग पाहुण्यांपुढं ठिव की. माज्यापुढं कशाला?"

"आवं ताई, वाईन म्हंजी काय दारू न्हवं," मानसिंगराव मध्ये पडले. "आमच्या बागंतला माल जातो की वाईनला. दराक्षाचा रसच, जरा मुरल्याला."

"मुरू द्या की. मी काय तुमाला नगं म्हणलं व्हय? तुमी घ्या."

त्या हसून बोलल्या, पण बुद्धप्रियानं भावाकडं असं बघितलं की त्यानं स्वतःचा ग्लास बाजूला सारला. मग तो ग्लास नुसताच तिथं उभा राहिला, भरलेला. पिता येईना, परत देता येईना. राजश्री हुलग्याचं सूप ढवळत बसली होती. मेनूत त्याचं नाव इंग्रजीत होतं, पण होतं ते घरचं माडगंच. ती नवऱ्याकडं बघत नव्हती, आणि ती बघत नाही याचाच रत्नदीपला जास्त त्रास होत होता. कारण राजश्रीला सगळं माहीत होतं.

झालं होतं ते असं. मानसिंगरावांनी हॉटेलचं कधीच काढलं नव्हतं. त्यांनी फोनवर सरळ विचारलं होतं, "मग कवा यायचं तुमच्याकडं?" आणि रत्नदीपच्या तोंडून पटकन निघून गेलं, "घरी रंगकाम चालू आहे हो. सगळं सामान अंगणात आहे. आपण बाहेरच भेटू या का, एखाद्या चांगल्या हॉटेलात?" पलीकडून मानसिंगराव म्हणाले, "ब्येस. लई ब्येस." त्या आवाजातला सुटकेचा सुस्कारा रत्नदीपला स्पष्ट ऐकू आला होता. फोन ठेवल्यावर राजश्री म्हणाली होती, "रंगकाम? आपल्या? मग आईंना काय सांगणार?" त्याचंही उत्तर त्यानं लगेच शोधलं. हुशार माणूस ना!

त्याला रंगकाम कुठून सुचलं, ते त्याचं त्याला माहीत होतं. सिद्धार्थ सोसायटीतलं घर बांधून झालं, तेव्हा त्यानं ऑफिसातल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. सगळे आले. कुणी कुंडी आणली, कुणी घड्याळ. घर बघितलं, वाखाणलं, गच्चीवर फोटो काढले. आणि पानं मांडली तेव्हा एकाला उपवास निघाला, दुसऱ्याला पित्त, तिसऱ्याच्या घरी पाहुणे. मग ज्याला त्याला उपवासच आठवायला लागला. वार होता बुधवार. बुधवारी कुणाला उपवास असतो हो? आई हातात पळी घेऊन मांडवात उभी होती आणि म्हणत होती, "बरं, बरं. मग एकांदं केळ तरी घ्या." जिन्यातून त्यानं ते बघितलं. आईला पुन्हा असं उभं राहू द्यायचं नाही, हे त्यानं त्या जिन्यातच ठरवून टाकलं होतं.

म्हणजे पोटात माया होती, नाही असं नाही. पण मायेनं बोललेलं खोटंही खोटंच. आता तो हिशेबानं बोलत होता, हसत होता, आणि कोण कुणाशी काय बोलतंय याच्यावर कान ठेवून जेवत होता. असलं जेवण अंगी लागत नाही.

*

मानसिंगरावांना दुसऱ्या ग्लासानंतर सगळं जगच आवडायला लागलं. राळ्याची खिचडी आवडली, बांबूचे दिवे आवडले. बुद्धप्रियाला त्यांनी "पोरी, तू आमच्या जमिनीचा डाक्टर हायस" असं म्हटलं, आणि ते खरोखर मनापासून म्हटलं. तिच्या सांगण्यावरून त्यांनी बागेचं खत बदललं होतं आणि मणी चांगला फुगला होता.

वच्छलाबाई नवऱ्याकडं काळजीनं बघत होत्या. तीस वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. या माणसाच्या मनात असतं ते घोटाबरोबर बाहेर येतं. त्यांनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. उपयोग झाला नाही.

"रत्नदीपराव," मानसिंगराव पुढं वाकले, "एक बोलू का? तुमी लई समजूतदार मानूस. हे हॉटेलाचं तुमी काडलं, माज्या डोक्यावरचं वझं उतरिवलं बगा. न्हाईतर भावकी टपून बसली हुती, जेवलासा का तिकडं, जेवलासा का? आता म्हणता येतंय, हॉटेलात भेटलो. कुणाची जीब उचलायची न्हाई."

वच्छलाबाईंना वाटलं, हे बोलणं हातानं धरून परत त्यांच्या तोंडात कोंबावं. समोर मनकर्णाबाईंचा घास हातात तसाच राहिला होता.

"हॉटेलाचं रत्नदीपनं काडलं?" त्यांनी विचारलं.

"व्हय की. म्हंजी, आमाला काय, आमी आलो बी आसतो…" मानसिंगराव चाचरले.

मनकर्णाबाईंनी लेकाकडं बघितलं. तो पाण्याचा ग्लास शोधत होता आणि ग्लास त्याच्या हाताशीच होता. त्यांनी घास खाल्ला, शांतपणे चावला. मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "वच्छलाबाई, जेवण झालं की आमच्याकडनं जावा. हितनं धा मिन्टावर घर हाय. चा घिऊन म्होरं मोडनिंबला जावा."

"आवं ताई, पन तुमच्यात रंगकाम चालूय नव्हं?" मानसिंगराव म्हणाले. "सामान आंगनात हाय म्हणं."

"कसलं रंगकाम?"

राजश्रीनं चमचा खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"कसलं रंगकाम रे?" मनकर्णाबाईंनी पुन्हा विचारलं. या वेळी लेकाला.

रत्नदीपला लहानपणी सुद्धा इतकं लहान वाटलं नसेल. "आई, घरी गेल्यावर बोलू."

"घरीच न्हेत न्हाईस तर कुटं बोलायचं? मला म्हणलास, त्यांचा हट्ट हाय. त्यांना म्हणलास, रंगकाम हाय. आँ? मी चार दिस ह्या माऊलीला मनातल्या मनात नावं ठिवली."

"मला तुला परत तसं बघायचं नव्हतं," तो कसाबसा म्हणाला. "त्या घर दाखवायच्या दिवशी… तू पळी घेऊन उभी होतीस. सगळ्यांना उपवास निघाले."

"ते मला तवाच कळलं हुतं."

त्यानं वर बघितलं.

"बुधवारचा उपास मला कळत न्हाई व्हय? मी बोलले न्हाई, तुजं त्वांड उतरलं आसतं म्हणून. पन बाळा, त्या दिवशी मान त्यांची खाली हुती, माजी न्हवं. मी वाढायला उभी हुते. आज तू माजी मान खाली घातलीस. त्यांनी नगं म्हणायच्या आदीच तू त्यांच्या वतीनं नगं म्हणून टाकलंस."

रत्नदीपला वाटलं, उठून जावं. शेजारच्या टेबलावरची मंडळी इकडं बघत होती. त्याला त्यांची लाज वाटत नव्हती, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. त्याला फक्त आईची लाज वाटत होती. म्हणजे आईपुढं स्वतःची.

*

आता मनकर्णाबाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्या आपल्या बाजू सावरायलाच गेल्या, आणि नेमकं तेच अंगाशी आलं. बाकीच्यांना बरं वाटावं म्हणून त्या इंद्रजीतकडं वळून म्हणाल्या, "आन ह्यो काय परका हाय का? आईतवारी येतोच की. दोन शेंगापोळ्या हाणल्याबिगर उठत न्हाई. म्हणतो, मावशी, तूप जरा सोड आजून."

इंद्रजीतचा चेहरा पांढरा पडला.

"कुटं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"आमच्या घरी की."

"ह्यो? जेवायला?"

इंद्रजीतनं घरी सांगितलं होतं की बुद्धप्रियाला तो बाहेरच भेटतो, कधी लॅबच्या कँटीनला, कधी तळ्यावर. त्यांच्या घरी? छे, उंबऱ्याच्या आतही गेलो नाही. वच्छलाबाईंनी एकदा खोदून विचारलं, तर देवाची शपथ घेतली होती.

वच्छलाबाईंच्या मनात पहिला विचार काय आला, ते त्यांनी पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. रविवारी संध्याकाळी हा घरी यायचा आणि पायातलं काढून सरळ देव्हाऱ्यातला प्रसाद उचलून तोंडात टाकायचा. तेच आलं त्यांच्या मनात. तिकडं जेवून यायचा आणि तसाच देवाला हात लावायचा! विचार आला आणि दुसऱ्या क्षणाला त्यांचं अंग शहारलं. हे आपल्या डोक्यात कुठं बसलं होतं? आत्ता तर या बाईबरोबर आपण पदर तोंडाला लावून हसत होतो. तिच्या पोरीच्या हातात आपल्या घराच्या किल्ल्या द्यायला आलोय. आणि मनात हे! पोरानं शपथ का घेतली ते त्यांना आता कळलं. आपल्या आईच्या मनात काय येईल, हे त्याला आधीच ठाऊक होतं.

त्यांना समोर बघवेना. त्या ताटातल्या हिरव्या काडीकडं बघत राहिल्या.

"मी सांगणारच होतो, आई," इंद्रजीत पुटपुटला. "वेळ बघून."

"दोन वर्सं येळ मिळंना व्हय रं तुला?"

मानसिंगरावांची वाईन उतरली असावी. ते सरसावून बसले. माणूस दुष्ट नव्हता. भांडण वाढू नये, पोरांचं जमावं, असंच त्यांना वाटत होतं. "जाऊ द्या, जाऊ द्या. झालं ते झालं. ताई, पोरगी आमाला पसंत हाय. तिला आमच्याकडं कसला म्हणून तरास न्हाई. नोकरी करू दे, गाडी घिऊन हिंडू दे. सैपाकाला तर आत्ताच बाई ठिवलीय. आमच्या भावकीतलीच हाय, इस्वासाची. पोरीला चुलीम्होरं जायाचं कामच पडायचं न्हाई बगा."

हे त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलं, की अर्थ कळायला सगळ्यांनाच थोडा वेळ लागला. सगळ्यात आधी कळला तो बुद्धप्रियाला.

*

त्या बाईबद्दल बुद्धप्रियाला माहीत होतं. इंद्रजीतनंच सांगितलं होतं. "तुझी लॅब, जाणं-येणं, वर स्वयंपाक कशाला? मी आईला सांगून बाई ठेवायला लावली." ती किती खूश झाली होती! लॅबमधल्या मैत्रिणींना सांगत सुटली होती, बघा, कोणता नवरा लग्नाआधी एवढा विचार करतो? मैत्रिणी म्हणाल्या, नशीबवान आहेस गं बाई.

"इंद्रजीत," ती म्हणाली, "ती बाई माझ्यासाठी ठेवलीय, की माझ्यामुळं?"

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग वडलांकडं, मग परत तिच्याकडं. "प्रिया, इथं नको ना. होईल गं सगळं हळूहळू."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मला फक्त वाद नको होता. एकदा लग्न झालं की कोण विचारतंय? आई-आप्पांनाही सवय होईल."

"माझी सवय? मी काय आजार आहे का रे?"

तिनं समोर बसलेला इंद्रजीत बघितला आणि शेजारी बसलेला दादा बघितला. दोघंही मान खाली घालून बसलेले. दोघंही शिकलेले, दोघंही तिच्यावर जीव टाकणारे, आणि दोघांनीही तिला न विचारता परस्पर सगळं मिटवून टाकलेलं. दादाचा राग आला, याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःची लाज वाटली. दर रविवारी हा जेवताना दार का लोटून घेतो, हे आपण एकदाही विचारलं नाही. वाऱ्यानं आपटतंय म्हणाला, आणि आपण मानलं. प्रेमात माणूस इतका बावळट होतो?

"काका," ती मानसिंगरावांना म्हणाली, "माझं एकच म्हणणं आहे. साखरपुडा आमच्या घरी होईल. स्वयंपाक आई करेल. तुम्ही पानावर बसून जेवायचं, आणि भावकीतल्या ज्यांना यायचं त्यांनीही. नंतर मोडनिंबला तुमच्या घरी भाकरी मी करीन, आणि ती तुम्ही खायची. हे चालत असेल तर तारीख काढू."

"पोरी, तुजं खरं हाय," मानसिंगरावांनी कपाळावरून हात फिरवला. "मी काय वाईट मानूस न्हाई. पन मला गावात ऱ्हायाचंय. भावकीला काय सांगू?"

"सांगा की, रंगकाम झालं म्हणून," राजश्री म्हणाली. वाद सुरू झाल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. उघडलं ते नवऱ्याकडं बघून.

कुणी हसलं नाही. मानसिंगराव टेबलावरचा रुमाल घडी करत बसले. एक घडी, दुसरी घडी, मग उलगडायचा आणि पुन्हा घडी. वेटर मेनूकार्ड घेऊन आला. "गोड काय घ्याल, सर? नाचणीचा हलवा आहे, गूळ ऑरगॅनिक आहे." रत्नदीपनं हातानंच नको म्हटलं.

आणि तेव्हा वच्छलाबाई उठल्या.

खुर्ची मागं सरकवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं ती करकरली. "मी येते," त्या मनकर्णाबाईंना म्हणाल्या. "आत्ता येते, ताई. चा घेते तुमच्याकडं."

"वच्छला," मानसिंगराव दबक्या आवाजात म्हणाले, "खाली बस."

त्या बसल्या नाहीत. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी लेकाकडं बघितलं. हा आता उठेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. हा उठला की मग आपल्याला कुणी अडवणार नाही. ज्यानं दोन वर्षं त्या घरचं खाल्लं, त्यानं नुसतं उठायचं होतं.

वेटरला वाटलं, बाईंना काही हवंय. तो पाण्याचा जग घेऊन आला. त्यांचा ग्लास भरलेलाच होता. त्यानं त्यात उगीच आणखी थोडं ओतलं आणि गेला.

इंद्रजीत आप्पांच्या हातातल्या रुमालाकडं बघत होता.

बुद्धप्रिया त्याच्याकडं बघत होती. ऊठ, तिनं मनात म्हटलं. अरे, ऊठ ना. मी सगळं विसरीन. बाई विसरीन, शपथ विसरीन, दार विसरीन. तू फक्त ऊठ. तिनं हे इतक्या वेळा म्हटलं की आपण मोठ्यानं बोलतोय की काय, असं तिला वाटलं.

तो उठला नाही. वच्छलाबाई आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग हळूहळू खाली बसल्या. पदर सारखा केला, आणि तोच पदर डोळ्यांना लावला.

मनकर्णाबाईंनी हात धुतले, तोंड पुसलं. उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात जोडले. "येतो आमी. जय भीम."

मानसिंगरावांचे हात रामरामाला निम्मे वर आले आणि तिथंच थांबले. राजश्रीनं सासूची पिशवी घेतली. रत्नदीप सगळ्यांच्या मागं उभा राहिला. आईला जिना उतरायला हात द्यावा का नको, हे त्याला कळेना. ती हात घेईल का, हेही कळेना.

बुद्धप्रिया दारापाशी पोचली तेव्हा मागं खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज झाला.

"प्रिया, थांब!" इंद्रजीत टेबलांमधून धडपडत आला. डोळे भरले होते त्याचे. "मी येतो. आत्ता येतो, घरी. सगळ्यांसमोर येतो."

तिनं वळून बघितलं. रडणाऱ्या इंद्रजीतची तिला दया आली. आणि दया आली, तेव्हाच तिला कळलं की काय संपलं ते.

"माझ्यामागं नको येऊस," ती म्हणाली. "तुझ्या आईजवळ जाऊन बस. ती एकटी उठली होती."